जुळणी आणि सुसंवाद

‘जुळणें’ आणि ‘सुसंवाद असणें’ हीं एकाच अर्थाचीं पदें आहेत असें आपण व्यवहारांत समजून चालतों. पत्रिका जुळली, घराणें जुळलें, देण्याघेण्याचें जुळलें, कीं संसार सुखाचा होणार हें गृहीतच असतें. ह्या दोन अर्थांतील अंतर पाहावयाचें असेल तर देवलांचें ‘संगीत शारदा’ (१८९९) पुन्हां वाचावें.

कांचनभटाला द्रव्य हवें, वृद्ध भुजंगनाथाला वधू हवी, भद्रेश्वर दीक्षिताला दलाली हवी. तिघांचें उत्तम जुळतें. न जुळणारी एकटी शारदा; तिची आई तळमळते, पण तिचें कांहीं चालत नाहीं. देवलांचें कौशल्य असें कीं, त्यांनीं हा सौदा नित्याच्या बोलण्याचालण्यांतला दाखविला. म्हणूनच प्रेक्षक हंसतां हंसतां ओशाळतो.

परंतु एक गोष्ट खटकते. तें लग्न मोडतें तें वराच्या वार्धक्यामुळें नव्हे, वधूच्या अनिच्छेमुळेंही नव्हे. वधूवर सगोत्र ठरतात म्हणून. जुळणीच्या एका नियमानें जें घडत होतें, तें जुळणीच्याच दुसऱ्या नियमानें टळतें. भुजंगनाथाचें गोत्र निराळें असतें तर? ह्या प्रश्नाला नाटकांत उत्तर नाहीं. पुढें १९४६ च्या कायद्यानें सगोत्र विवाहाची आडकाठी दूर केली. म्हणजे शारदेला तारणारी ती सबब कायद्यापुढें उरली नाहीं. तिचें दुःख मात्र आजही तितकेंच खरें वाटतें.

त्या काळच्या लग्नमंडपांत ऐकून घेतला जाईल असा दुसरा आक्षेपच नव्हता, असें देवलांच्या वतीनें म्हणतां येईल. तें मान्य केलें, तर हा दोष नाटकाचा कमी व समाजाचा अधिक ठरतो.

सुसंवादाची कसोटी संगीतशास्त्रानें फार पूर्वींच दिली आहे. भरताच्या नाट्यशास्त्रांत नऊ किंवा तेरा श्रुतींच्या अंतरावरील स्वर परस्परांचे संवादी मानले आहेत. संवादाला दोन निराळे स्वर लागतात, आणि ते दोन्ही उमटावे लागतात. कांचनभटाच्या घरांत जुळणी होती. परंतु ती एक स्वर मुका ठेवून साधलेली होती. स्थळ पाहतांना इतर सर्व तपासून झाल्यावर मुलीचा स्वर ऐकूं आला कीं नाहीं, एवढें विचारण्यास हें नाटक आपणांस आजही भाग पाडतें.