प्रत खरी केव्हा? – नेल्सन गुडमन आणि चुंबकीय टेप

मागच्या वेळी आपण नेल्सन गुडमन या अमेरिकन तत्त्वज्ञाचं १९६८ सालचं ‘लँग्वेजेस ऑफ आर्ट’ हे पुस्तक वाचायला घेतलं. त्यातला एक मुद्दा थोडक्यात पुन्हा सांगतो. रेम्ब्राँच्या चित्राची कितीही हुबेहूब नक्कल केली तरी ती नक्कलच. कवितेचं तसं नाही. अक्षरं, विरामचिन्हं, मोकळ्या जागा त्याच क्रमानं उतरवल्या की ती प्रत मूळ प्रतीइतकीच खरी. कुणी उतरवली, कोणत्या शाईनं, याला महत्त्व नाही. अक्षरशः तेच असलं की झालं.

आज हे म्हणणं मला कवितेवर नाही, दुसऱ्याच एका वस्तूवर तपासायचं आहे. हे पुस्तक निघालं त्या काळात आयबीएमच्या सिस्टिम ३६० सारख्या संगणकांवर चुंबकीय टेपच्या प्रती काढणं हे रोजचं काम होतं. गुडमनला याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही, असं कुणालाही वाटेल. टेपवर अक्षरांशिवाय आहेच काय?

आधी टेप कशी असते ते बघू. रुंदी अर्धा इंच, मोठ्या रिळावर लांबी २४०० फूट. रुंदीत ९ ट्रॅक, त्यातले ८ माहितीचे आणि नववा पडताळणीचा, ज्याला पॅरिटी म्हणतात. एका इंचात १६०० अक्षरं मावतात. पण टेप थांबत-थांबत चालते आणि वेग घ्यायला तिला जागा लागते. म्हणून प्रत्येक ब्लॉकनंतर ०.६ इंच कोरी जागा सोडायची. आता गंमत बघा. एका पंचकार्डावरची ८० अक्षरं टेपवर ०.०५ इंचात बसतात. एकेक कार्ड वेगळं लिहिलं तर मजकुराच्या बारापट कोरी जागा. अख्ख्या रिळावर जेमतेम ४४ हजार कार्डं. दहा-दहा कार्डांचा एक ब्लॉक केला, की त्याच रिळावर २.६ लाख.

पहिली फेरी गुडमन जिंकतो, हे मान्य करायला हवं. इंचाला ८०० अक्षरांच्या टेपवरून १६०० च्या टेपवर प्रत काढली, तर एकही चुंबकीय ठिपका पूर्वीच्या जागी राहत नाही. नोंदवण्याची पद्धतसुद्धा बदलते. तरी प्रत खरी. कोरी जागा थोडी कमी-जास्त झाली तरी बिघडत नाही. ती आहे, एवढं पुरे.

पण ती असायलाच हवी. पुढे अनेकांनी जुन्या टेपवरची सगळी अक्षरं सलग एका फाइलमध्ये ओतली. एकही अक्षर गळलं नाही, गळल्या त्या ब्लॉकच्या सीमा. जिथे नोंदी कमी-जास्त लांबीच्या होत्या आणि एक ब्लॉक म्हणजे एक नोंद असा हिशेब होता, तिथे नोंद कुठे संपते ते कळेनासं झालं. आपल्या पोथ्यांत शब्द सलग लिहिलेले असतात. पदं कुठे तोडायची ते वाचणाऱ्याला ठरवावं लागतं. तसंच हे. म्हणूनच सिमएच या जुन्या संगणकांचं सोंग वठवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये टेपची प्रत ठेवताना प्रत्येक ब्लॉकच्या आधी आणि नंतर त्याची लांबी लिहितात. टेपवर जी कोरी जागा होती, ती इथे आकडा होऊन येते.

गुडमन म्हणेल, ‘मी मोकळी जागा मोजलीच होती.’ कबूल. मग दुसरा साक्षीदार बोलावतो. फाइल संपली की टेपवर एक खूण उमटवतात, टेप मार्क. लागोपाठ दोन टेप मार्क म्हणजे टेपवरचा मजकूर संपला, असा सर्वसाधारण संकेत. पण आयबीएमच्या लेबल असलेल्या टेपवर मधलीच एखादी फाइल रिकामी असेल, तर तिथेही लागोपाठ दोन टेप मार्क येतात. एक शीर्षलेबलांनंतरचा, दुसरा नसलेल्या मजकुराच्या शेवटचा. दोन खुणांवर थांबणारा साधा प्रोग्रॅम तिथेच थांबतो आणि काम पूर्ण झाल्याचं सांगतो. खूण तीच, अर्थ दोन. कोणता अर्थ खरा ते नुसतं उतरवून कळत नाही, वाचावं लागतं.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या एका मित्राच्या सर्वेक्षणाची टेप एका संस्थेत अशीच उतरवली गेली. वहीत शेरा पडला, ‘प्रत पूर्ण’. त्या शेऱ्यावर विसंबून मूळ रीळ पुन्हा वापरात गेलं आणि त्यावर दुसराच मजकूर चढला. प्रत उघडायची वेळ आली तेव्हा कळलं, की रिकाम्या फाइलपुढचं काहीच आलेलं नाही. त्यात चार वर्षांची पायपीट होती. तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, ‘अरे, खोटं कुणीच बोललं नाही.’

माझा गुडमनवरचा आक्षेप या वाक्यात आहे. ‘अक्षरशः तेच’ हा निकष चुकीचा नाही, अपुरा आहे. कोणती खूण अक्षर, कोणती सीमा, मजकूर कुठे संपला, हे आधी कुणीतरी ठरवलेलं असतं असं तो धरून चालतो. कवितेत परंपरेनं ते ठरवून दिलंय, म्हणून आपल्याला जाणवत नाही. टेपपाशी मात्र ते यंत्रासमोर उभ्या माणसाला ठरवावं लागत होतं. पॅरिटी चुकली, पुन्हा-पुन्हा वाचूनही जुळेना, तर तो ब्लॉक सोडायचा की आहे तसा घ्यायचा? शेवटच्या खुणेपलीकडे रिळावर आधीच्या वापरातला जुना मजकूर शिल्लक असायचा. तो या टेपचा भाग की नाही? हिशेबनिसाला नको असेल, इतिहासकाराला हवा असेल.

म्हणजे प्रतीचा खरेपणा दोन वस्तूंच्या तुलनेत संपत नाही. प्रत काढणाऱ्यानं काय राखायचं ठरवलं आणि ते नोंदवून ठेवलं का, यावर तो टिकतो. आज ग्रंथालयं आणि दप्तरखाने ‘डिजिटल प्रत झाली’ म्हणून मूळ वस्तू मोडीत काढतात, तेव्हा त्यांना एवढंच विचारायचं : प्रत झाली खरी, पण कशाची?

थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ या.