पुढचा डिरेलर पाहावा निरखून

जुन्या घाटाच्या सायकलीसाठी वापरलेला फ्रंट डिरेलर निवडणे म्हणजे स्थळ पाहणेच. फोटोत सगळेच देखणे! सिम्प्लेक्सचा ‘प्रेस्टीज’ हलका खरा, पण अंग डेल्रिन प्लॅस्टिकचे, उतारवयात तडकते. कॅम्पान्योलोचा ‘रेकॉर्ड’ म्हणजे मोठे घराणे; मानपानही तसाच. जपानचा सनटूर मात्र नाकासमोर चालणारा, कामाला चोख.

पण घराण्याआधी अंग पाहावे. चेन घासून आतल्या पत्र्याला चर पडलेत का? सांधे खिळखिळे आहेत का? आणि क्लॅम्पचे माप? बहुतेक पोलादी फ्रेमना 28.6 मिलिमीटर लागते, जुन्या फ्रेंच फ्रेमना 28.

बँकेत सहा रुपयांचा फरक सापडेपर्यंत घरी न जाणारा मी, लकाकीला भुलून नेमका 28चा घेऊन आलो. फरक 0.6 मिलिमीटर! तो आता टेबलावर पेपरवेट आहे. हिशेब मात्र अजून जुळलेला नाही.