म्युझिक व्हिडिओ : कला की जाहिरात?

म्युझिक व्हिडिओस कला म्हणावे की जाहिरात, हा वाद ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ या परिचित कृतीच्या आधारे तपासणे आम्हांस इष्ट वाटते. १९८८ च्या स्वातंत्र्यदिनी ती दूरदर्शनवर प्रथम दिसली. कल्पना सुरेश मलिक यांची, शब्द पीयूष पांडे यांचे, दोघेही जाहिरातव्यवसायातले. राष्ट्रीय एकात्मतेचा प्रचार हा तिचा उघड हेतू.

परंतु हेतूवरून कृतीची जात ठरत नाही. मम्मटानेही काव्याच्या प्रयोजनांत यशासोबत अर्थप्राप्ती गणली आहे. खरी कसोटी अशी की, प्रचार बाजूस सारल्यावर काय उरते? आरंभी भीमसेन जोशी यांची भैरवी उरते. गदगकडच्या कानडी घरातले हे गायक पुण्यात स्थिरावले. सदलग्यासारख्या दुभाषी गावी त्यांचा स्वर ऐकताना एकात्मतेचा निराळा उपदेश लागत नाही. उलट, पुढे क्षणभर चमकून जाणारे प्रसिद्ध चेहरे केवळ ओळखले जातात, अनुभवास येत नाहीत. तेथे जाहिरातच उरते.

म्हणून शिक्षकांनी सरसकट निवाडा देऊ नये. एकाच कृतीत कला कोठे संपते व जाहिरात कोठे सुरू होते, हे ओळखण्याचा कान विद्यार्थ्यांना द्यावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.