नाव कमावणारी मुले

मराठीत ‘नाव ठेवणे’ म्हणजे बारसे करणे आणि ‘नावे ठेवणे’ म्हणजे दोष काढणे. समीक्षकाच्या वाट्याला बहुधा दुसरेच काम येते. यंदा मी जी पुस्तके हाती घेतली त्यांत मात्र पहिल्या अर्थाचा विषय इतका भरून राहिला आहे, की दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांनी त्याचीही थोडी चव घ्यावी असे वाटले. ही पुस्तके अमेरिकेतल्या लाकोटा आणि त्यांच्या भाऊबंद जमातींतील लेखकांनी आपल्या बालपणावर आणि आपल्या लोकांवर लिहिलेली आहेत.

लाकोटा म्हटले तर आपल्याकडे कुणाला बोध होणार नाही. ‘सू इंडियन’ म्हटले की लगेच घोडा, पिसांचा टोप आणि सिनेमातला आरडाओरडा डोळ्यांपुढे येतो. गंमत अशी, की ‘सू’ हे नाव या लोकांनी घेतलेलेच नाही. शेजारच्या ओजिब्वे लोकांचा एक शब्द फ्रेंचांनी उचलला, मोडला, आणि त्याचे शेपूट तेवढे उरले. ते स्वतःला म्हणवतात लाकोटा. म्हणजे मित्र, सोबती. पूर्वेकडचे त्यांचे बांधव तोच शब्द ‘डकोटा’ असा उच्चारतात.

यांतला सर्वांत परिचित लेखक ल्यूथर स्टँडिंग बेअर. त्याचे जन्मनाव ओटा क्टे, म्हणजे ‘पुष्कळांना मारणारा’. हा पराक्रम अर्थात बाळाचा नव्हे, बापाचा. लाकोटांमध्ये मुलाचे पहिले नाव असे उसने असे. पुढे काही करून दाखवले की स्वतःचे नाव मिळे. सिटिंग बुल या प्रख्यात पुढाऱ्याला लहानपणी ‘मंद’ असे टोपणनाव होते. चौदाव्या वर्षी लढाईत त्याने शत्रूला स्पर्श केला. जिवंत शत्रूला हात लावून येणे हे त्याला ठार मारण्यापेक्षाही मानाचे. तेव्हा बापाने आपले स्वतःचे नाव काढून मुलाला दिले आणि आपल्यासाठी दुसरे घेतले. क्रेझी हॉर्सच्या बापानेही तेच केले. आपल्याकडे बापाचे नाव मुलाच्या नावामागे जन्मभर चालत राहते. तिकडे बाप ते अंगावरच्या शालीसारखे उतरवून मुलाच्या खांद्यावर घालतो.

ओटा क्टेच्या वाट्याला ही शाल यायची नव्हती. १८७९ साली पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल येथे, जुन्या लष्करी बराकींत, इंडियन मुलांना ‘सुधारण्या’साठी सरकारी शाळा निघाली. पहिल्या तुकडीत हा मुलगा गेला. का गेला? शिकायला नव्हे. पूर्वेकडे गोरे लोक आपल्याला मारून टाकणार, तेव्हा न डगमगता मरून दाखवावे आणि बापाला अभिमान वाटावा, म्हणून! शाळेत फळ्यावर काही खुणा काढल्या होत्या. प्रत्येक खूण म्हणजे गोऱ्या माणसाचे एक नाव, हवे ते निवडा, असे सांगून मुलांच्या हाती छडी दिली. या मुलाने ती शत्रूला स्पर्श करायला निघाल्यासारखी धरली, पुढे केली, आणि ज्या खुणेला टोक लागले ती ‘ल्यूथर’ निघाली. मग ते नाव पट्टीवर लिहून त्याच्या सदऱ्याच्या पाठीवर शिवले. ‘माय पीपल द सू’ (१९२८) या पुस्तकातला हा प्रसंग मी पुनःपुन्हा वाचला. लेखक त्यावर फारसे भाष्य करीत नाही, आणि म्हणूनच तो मनाला लागतो. त्याची मुंज म्हणा, त्याचे दुसरे बारसे म्हणा, ते हेच.

इथे मला आपल्या लक्ष्मीबाई टिळकांची आठवण होणे अपरिहार्य होते. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८चा, आणि स्टँडिंग बेअरही आपले जन्मसाल तेच सांगतो. त्याचा ल्यूथर झाला त्याच सुमारास, तशाच कोवळ्या वयात, मनकर्णिका गोखल्यांची लक्ष्मी टिळक झाली. त्याचे ‘लँड ऑफ द स्पॉटेड ईगल’ १९३३ साली निघाले, ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली. पण दोहोंमधला फरकही इथेच दिसतो. लक्ष्मीबाई आपल्या वडिलांच्या सोवळ्याचे वेड सांगताना कसलीही भीड धरीत नाहीत. हसतात आणि हसवतात. स्टँडिंग बेअरच्या घरात मात्र कुणी चिडत नाही, कुणी मुलाला चापट मारत नाही, कुणाचे चुकत नाही. एकदा रानरेडा मारताना त्याला बरेच बाण खर्चावे लागतात, आणि बाकीचे उपसून एकाच बाणात मारला असे सांगावे, हा मोह त्याला होतो. तो मोह आवरून तो बापाला खरे सांगतो. मोहाचा हा क्षण फार गोड आहे, आणि असे क्षण आणखी हवे होते. पण ज्यांच्या मुलांना ‘रानटी’ ठरवून त्यांचे केस कापले गेले, त्यांच्या लेखकाला आपल्या घरातली भांडणे चव्हाट्यावर मांडण्याची चैन परवडत नसावी. लक्ष्मीबाई आपल्या माणसांसाठी लिहीत होत्या. हा बिचारा न्यायाधीशापुढे साक्ष देत होता. दोष मी लेखकाला देत नाही, परंतु पुस्तकात तो आहे.

चार्ल्स ईस्टमनचे ‘इंडियन बॉयहुड’ (१९०२) या बाबतीत अधिक मोकळे आहे. हा सँटी डकोटा. जन्मानंतर लवकरच आई गेली, म्हणून नाव पडले हकादा, ‘बिचारे शेंडेफळ’. आपल्या दगडू-धोंडूंच्या मायबापांना हे नाव लगेच कळेल. पुढे चेंडूच्या एका मोठ्या सामन्यात त्याच्या टोळीची सरशी झाली आणि त्याला ओहियेसा, ‘विजेता’, हे नाव मिळाले. पण लक्षात राहतो तो त्याच्या आठव्या वर्षीचा प्रसंग. आजी विचारते, देवाला तू काय वाहशील? सर्वांत प्रिय असेल तेच वाहायचे असते. मुलगा आपल्या चीजवस्तू आठवतो, आणि प्रश्न येऊन थांबतो त्याच्या लाडक्या काळ्या कुत्र्यापाशी. ईस्टमन इथे मुलाचे रडणे लपवीत नाही, आजीचेही मन कठोर दाखवीत नाही.

नावांच्या भाषांतराबद्दल एक तक्रार नोंदवतो. ताशुंका विटको याचा अर्थ ‘ज्याचा घोडा उधळलेला तो’. इंग्रजीत झाले ‘क्रेझी हॉर्स’, आणि वेड घोड्याकडून माणसाकडे आले. एका सरदाराच्या नावाचा अर्थ ‘ज्याच्या घोड्यांनाही शत्रू भितात’; इंग्रजीत तो स्वतःच्याच घोड्यांना भिणारा ठरला! मराठीत ही पुस्तके आणणाऱ्याने इंग्रजीवरून ‘बसलेला बैल’ करू नये. तातांका म्हणजे गवताळ माळावरचा प्रचंड रानरेडा, आणि त्याचे बसणे म्हणजे ठाण मांडणे.

या सगळ्यांत श्रेष्ठ पुस्तक माझ्या मते एका बाईचे आहे. एला डेलोरिया (१८८९–१९७१) स्टँडिंग रॉक येथे लाकोटांमध्ये वाढली, फ्रान्झ बोआस या मानववंशशास्त्रज्ञाबरोबर तिने काम केले, आणि १९४०च्या दशकात ‘वॉटरलिली’ ही कादंबरी लिहिली. ती छापली गेली १९८८ साली. सुरुवातीलाच टोळीचा तळ हलतो आहे, आणि ब्लू बर्ड नावाची तरुणी कळा लपवीत बाजूला होते, एकटीच बाळंत होते. जवळच्या पाण्यात उमललेली फुले पाहून ती लेकीला नाव देते. पुढे ही मुलगी आजारी पडते, तेव्हा सावत्र बाप नवस बोलतो, की ही वाचली तर तिचा ‘हुंका’ करीन. हुंका झालेले मूल सर्वांचे लाडके. पण त्या लाडाची किंमत अशी, की त्याने जन्मभर हात सैल ठेवायचा, मागणाऱ्याला नाही म्हणायचे नाही.

डेलोरियाला एक गोष्ट दाखवायची आहे: इतके सोहळे करून ठेवलेले नाव लाकोटा माणसे हाक मारायला वापरतच नाहीत. काका, आत्या, मेहुणा, बहीण अशी नात्यानेच हाक मारायची. नाते नसेल तर जोडायचे. उखाण्यात लाजतलाजत नवऱ्याचे नाव घेणाऱ्या आपल्या आज्यांना हे नवल वाटले नसते. शिवाय या कादंबरीत माणसे चुकतात. ब्लू बर्डचा पहिला नवरा संशयी आहे, भर समाजात तो तिला टाकून देतो. स्टँडिंग बेअरकडे जे मिळाले नाही ते इथे मिळते. कुठेकुठे चालीरीती समजावून सांगण्याच्या ओझ्याखाली कथा रेंगाळते, हेही खरे.

आणखी एकीचा उल्लेख राहिला. यँक्टन आरक्षणात १८७६ साली जन्मलेली गर्ट्रूड सिमन्स आठव्या वर्षी मिशनरी शाळेत गेली. मोठेपणी लिहिताना तिने स्वतःच स्वतःचे नाव ठेवले, तेही लाकोटा बोलीत: झितकाला-शा, तांबडा पक्षी. तिचे लेखन या सर्वांहून कडू आहे, आणि ते तसेच असायला हवे होते.

घरात मुले असतील तर ईस्टमनच्या कुत्र्याची गोष्ट त्यांना वाचून दाखवा, मात्र झोपायच्या वेळी नको. ‘वॉटरलिली’ घरातल्या सासूने आणि सुनेने पाळीपाळीने वाचावी. बोलायला पुष्कळ सापडेल. ती मराठीत कुणी आणलीच, तर पहिली प्रत मी विकत घेईन.