'ख्रिस्तपुराणा'तील नीतिबोध आणि त्याची शब्दयोजना

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'ची चर्चा बहुधा त्यातील मराठीच्या प्रशस्तीपाशी येऊन थांबते. ग्रंथकर्त्याचा हेतू मात्र भाषागौरवाचा नव्हता. साष्टीतील नवख्रिस्ती जनांस धर्म व नीती शिकविण्याचा होता. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापला गेला.

जुनी पुराणे वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे काही का देत नाही, हा प्रश्न नवख्रिस्त्यांच्या मुखी आहे आणि ग्रंथाचे प्रयोजन त्यातूनच निघते. श्रोत्याने शंका काढावी व गुरूने निरसन करावे, ही पुराणांची जुनीच रीत. आज्ञा येथे उत्तराच्या रूपाने येते. एकेश्वरनिष्ठा आणि मूर्तिपूजेचा निषेध यांबाबत स्टीफन्स रेसभरही मागे सरत नाही. मार्दव आहे ते सांगण्याच्या पद्धतीत.

शब्दयोजना पाहता हे अधिक स्पष्ट होते. ईश्वरासाठी 'परमेश्वर', सैतानासाठी लोकांच्या तोंडचा 'देवचार'. बाप्तिस्म्यासारख्या संस्कारासाठी मात्र पोर्तुगीज शब्दच. जेथे अर्थाची गल्लत परवडणारी नव्हती तेथे परका शब्द ठेवला, असे म्हणावे, तर 'वैकुंठ' आडवे येते. विष्णूचे निवासस्थान ख्रिस्ती स्वर्गासाठी निःशंकपणे वापरले आहे! तेव्हा हा नियम नव्हे, कल आहे, एवढेच म्हणणे युक्त. लंडन येथील देवनागरी हस्तलिखितात पोर्तुगीज शब्दांच्या जागी संस्कृत शब्द आढळतात. म्हणजे हा निवाडा सर्वांसच मान्य नव्हता.

या ओव्यांच्या माधुर्यावर लुब्ध होणाऱ्या समीक्षकांनी एक गोष्ट दृष्टिआड केली आहे. साष्टीतील देवळे १५६७ साली पाडली गेली. १५८३ साली कुंकळ्ळीस पाच जेजुइटांचा वध झाला व त्याचा सूडही घेतला गेला. पुराण मागणाऱ्याची जुनी पुराणे राजसत्तेने हिरावली होती. त्याची विनंती स्वेच्छेची मानणे भाबडेपणाचे होईल. पण म्हणून त्याला मिळालेले उत्तर केवळ सत्तेचे होते, असेही ठरत नाही. धाक पुरेसा वाटता, तर इतक्या ओव्या रचण्याचे कारण नव्हते.

स्टीफन्सची ही वाट सत्तेला फार काळ रुचली नाही. १६८४ साली व्हाइसरॉयने तीन वर्षांत देशभाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचे फर्मान काढले. ग्रंथ मात्र हस्तलिखितांतून टिकला, आणि १९०७ साली जोसेफ सालढाणा यांनी तो मंगळूर येथे पुन्हा छापला.