माळ एकच, वाचायची पुस्तकं दोन

माणदेशाच्या माळानं लेखक घडवले, असं समीक्षक लिहितात. ऐकून बरं वाटतं, पण मला ते अर्धंच पटतं. कुसळं, बाभळी आन् कोरडी माण नदी आम्हा सगळ्यांच्याच वाट्याला आली.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) घ्या. आमच्याकडं झाडी कमी, म्हणून माणूस लांबनं दिसतो. त्यांचं वाक्यही तसंच उघडं, आडोसा नसलेलं. दुष्काळात वाडी उठते, तरी लेखक गळा काढत नाही. हे बळ माळाचं, हे मान्य.

शंकरराव खरात आटपाडीचे, म्हणजे त्याच माळाचे. पण ‘तराळ-अंतराळ’ वाचताना तो माळ मला वेगळाच दिसला. बनगरवाडीचा मास्तर तो तुडवून येतो, त्याला वाडीत मान मिळतो. तराळाला तोच माळ गावकीच्या कामासाठी तुडवावा लागतो, मान मात्र मिळत नाही. उन्हाचा चटका एकच, पण पायाखालची वाट जातीनं ठरवलेली.

म्हणून माणदेश समजायचा तर ही पुस्तकं जोडीनं वाचावीत. एकट्या ‘बनगरवाडी’वर माणदेश उरकणाऱ्यांनी निम्मंच गाव बघितलंय. आता टेंभूचं पाणी आलंय, डाळिंबं लागलीत. हा हिरवा माळही कुणीतरी लिहील. बागेच्या मालकानं लिहिला, तर तिथं खुरपणाऱ्या बाईनंही लिहायला पाहिजे.