समग्र वाचनाची ओढ : बाबा पदमनजी यांच्या निमित्ताने

एखाद्या लेखकाचे एक पुस्तक मनात घर करते, आणि मग त्याने जे जे लिहिले ते ते सारे वाचावे अशी ओढ लागते. ही अवस्था बहुतेक वाचकांच्या परिचयाची आहे. तिच्याकडे सामान्यतः एक हौस म्हणूनच पाहिले जाते. वास्तविक तिच्या पोटी समीक्षेचा एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. एका पुस्तकावरून जो लेखक आपणांस प्रिय झाला, तो आणि त्याच्या सर्व ग्रंथांतून उभा राहणारा लेखक एकच असतात काय? नसल्यास आपल्या त्या प्रेमाचे काय होते? मराठी ख्रिस्ती वाङ्मयात या प्रश्नाला बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांच्याइतके समर्पक उदाहरण क्वचितच सापडेल.

बाबांची भेट बहुधा ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या पुस्तकातून होते. आणि दुर्दैवाने ती तेथेच संपते. ‘मराठीतील पहिली सामाजिक कादंबरी’ अशी चिठ्ठी त्यावर चिकटविलेली आहे. परीक्षेपुरते ती चिठ्ठी वाचून पुस्तक मिटले जाते. विधवाविवाहाचा कायदा झाला १८५६ मध्ये; त्याच्या पाठोपाठ हे पुस्तक आले. यमुना आणि तिचा पती विनायकराव प्रवासास निघतात, ठिकठिकाणी त्यांना विधवांच्या दुःस्थितीचे दर्शन घडते, पुढे यमुनेवरच वैधव्य ओढवते आणि अखेर ख्रिस्ती होऊन ती पुनर्विवाह करते. कादंबरी म्हणून पाहिले तर यात उणिवा पुष्कळ आहेत. पात्रे अनेकदा प्रश्नोत्तरावलीच्या भाषेत बोलतात. शेवट लेखकाने आधीच ठरविलेला आहे, हे वाचकास लवकर कळते. परंतु विधवांच्या कहाण्या सुरू होताच लेखणी बदलते. तेथे उपदेशक मागे सरतो आणि ऐकणारा पुढे येतो. ज्याला हा ऐकणारा माणूस आवडला, त्याच्या मनात पुढची पुस्तके शोधण्याची इच्छा उत्पन्न होते, आणि ती योग्यच आहे.

असा वाचक प्रथम ‘अरुणोदय’ या आत्मचरित्राकडे वळतो. बेळगावच्या एका कासार कुटुंबातील बालपण, घरातील व्रते व पूजाअर्चा, मिशनच्या शाळेतील शिक्षण, मुंबईतील परमहंस सभेशी आलेला संबंध आणि १८५४ मध्ये बेळगाव येथे झालेला बाप्तिस्मा, असा हा प्रवास आहे. परमहंस सभेचे कामकाज गुप्तपणे चाले; म्हणून तिच्या इतिहासासाठी अभ्यासकांना आजही या ग्रंथाचा आधार घ्यावा लागतो. आमच्या मते मात्र त्याचे खरे मोल निराळे आहे. धर्मांतर ही एका क्षणात घडणारी गोष्ट नसून शंका, भीती, स्नेह आणि वियोग यांतून हळूहळू उजाडणारी पहाट आहे, हे त्यात दिसते. ग्रंथाचे नावही तेच सांगते. ‘यमुनापर्यटना’त जे निष्कर्ष घाईने आल्यासारखे वाटतात, त्यांची किंमत लेखकाने स्वतःच्या आयुष्यात मोजली होती, हे ‘अरुणोदय’ वाचल्यावर उमगते. पहिले पुस्तक दुसऱ्यामुळे अधिक चांगले होत नाही. पण अधिक खरे वाटू लागते.

यापुढची वाट सोपी नाही. बाबांच्या नावावर लहानमोठी शंभराहून अधिक पुस्तके आहेत. ‘स्त्रीविद्याभ्यास निबंध’ हा त्यांच्या तारुण्यातील. ‘सत्यदीपिका’सारखे नियतकालिक त्यांनी चालविले, नव्या करारावर टीका लिहिली, आणि मोल्सवर्थच्या प्रचंड मराठी-इंग्रजी कोशाचा संक्षेप १८६३ मध्ये सिद्ध केला. कोश सलग वाचावयाचा ग्रंथ नव्हे. तरीही समग्र वाचन करणाऱ्याने तो चाळावाच. धर्मबोधापलीकडे मराठी शब्दावर या माणसाचे किती प्रेम होते, ते तेथे कळते. यमुनेच्या प्रवासात बोलणाऱ्या स्त्रियांचे बोल ज्या कानांनी टिपले, तेच कान कोशात शब्द निवडीत बसले आहेत.

आणि मग वाचकाच्या हाती ‘कृष्ण आणि ख्रिस्त यांची तुलना’ (१८६७) हे पुस्तक येते. येथे प्रेमाची परीक्षा आहे. विधवेचे दुःख कान देऊन ऐकणारा लेखक शेजाऱ्याच्या भक्तीकडे मात्र वादी म्हणून पाहतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्राद्वारे इतर धर्मांतील सत्य व पावित्र्य यांचा आदर करावयास शिकविले. त्या शिकवणीत वाढलेल्या आम्हांस ही वादपद्धती रुचत नाही, आणि रुचते असे भासविण्याचे कारणही नाही. परंतु ते पुस्तक बाजूला सारून ‘आमचे बाबा’ म्हणत राहणे हीदेखील लबाडीच ठरेल. त्या काळी वाद दोन्ही बाजूंनी चालत होता आणि ख्रिस्ती झालेल्या माणसास आपल्या निर्णयाचा जाब रोज द्यावा लागत होता, हे ध्यानी घेतल्यास कठोरपणाचे कारण समजते. तथापि कारण समजणे म्हणजे समर्थन करणे नव्हे. समीक्षकाने दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांगितल्या पाहिजेत.

ख्रिस्तमंडळीच्या परंपरेत समग्र वाचनाचा उत्तम गुरू म्हणजे संत ऑगस्टिन. वृद्धापकाळी, ४२६–४२७ च्या सुमारास, त्याने आपलेच ग्रंथ पुन्हा तपासले. त्र्याण्णव कृती, त्यांचे दोनशे बत्तीस भाग; त्या प्रत्येकाविषयी काय टिकले, काय दुरुस्त केले पाहिजे, हे त्याने लिहून ठेवले. ग्रंथ ज्या क्रमाने लिहिले त्याच क्रमाने वाचणाऱ्यास आपण लिहीत असताना कसे पुढे गेलो ते दिसेल, अशी त्याची अपेक्षा होती. आपली निवडक, निर्दोष प्रतिमा मागे ठेवण्याचा मोह त्याने टाळला. बाबांनी अशी उजळणी केलेली नाही. ते काम वाचकांवर सोपविले गेले आहे. पवित्र शास्त्राच्या बाबतीत आपण हेच करीत आलो आहोत. स्तोत्रसंहिता प्रिय आहे म्हणून त्यातील शापवचने कोणी फाडून टाकीत नाही. त्यांच्यासह वाचणे हाच विश्वासाचा अभ्यास असतो.

महाराष्ट्राबाहेरील मराठी वाचकास या ओढीची अडचण अधिक जाणवते. इंदूरच्या सुदामा नगरात मराठी घरे आहेत. मुले मात्र हिंदी किंवा इंग्रजी माध्यमातून शिकतात. अशा घरात बाबांचे एक पुस्तक मिळाले तरी दुसरे कोठे शोधावे, हा प्रश्न उरतो. काही जुन्या ग्रंथांच्या संगणकीय प्रती आता पाहावयास मिळतात. कऱ्हाडकर यांचा ‘बाबा पदमनजी : काल व कर्तृत्व’ हा अभ्यासग्रंथ वाटाड्याचे काम चांगले करतो. परंतु लहान बोधपुस्तिका जुन्या ख्रिस्ती घरांतील पेट्यांत आणि चर्चच्या कपाटांत वाळवीच्या तोंडी आहेत. प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या कपाटाची एक यादी केली, तरी पुष्कळ काही वाचेल.

एका लेखकाचे सर्व काही वाचण्याची इच्छा क्वचितच पूर्ण होते, आणि न झाली तरी बिघडत नाही. तिच्यातून जे शिकावयाचे ते वाटेतच शिकून होते: माणूस त्याच्या उत्तम पानाहून मोठा असतो आणि त्याच्या वाईट पानाहूनही मोठा असतो. ‘यमुनापर्यटन’ ज्यांनी केवळ ‘पहिली कादंबरी’ म्हणून मिटले असेल, त्यांनी ते पुन्हा उघडावे आणि तेथून ‘अरुणोदया’कडे जावे.

सुदामा नगर, इंदूर